मेलितोनच्या पुढची जागा

मेलितोनला दिसेनासं झालंय हे गावात सगळ्यात आधी मला कळलं, आणि तेही त्याच्या मानेमुळे. मी न्हावी आहे. केस कापून झाले की गिऱ्हाइकाच्या डोक्यामागे छोटा आरसा धरायचा, त्याने समोरच्या मोठ्या आरशात आपली मान बघायची आणि "ठीक आहे" म्हणायचं, ही माझ्या दुकानातली चाळीस वर्षांची रीत. त्या दिवशी छोटा आरसा हातातून निसटून टेबलाखाली गेला. मी गुडघे टेकून तो शोधत होतो, आणि मेलितोन समोर बघत म्हणाला, "वा! मान झकास झाली."

मी तसाच खाली बसून राहिलो. दुकानात आम्ही दोघंच होतो. आमच्या वाल्देलोबोसमध्ये कापायला डोकीच फारशी उरलेली नाहीत. तरणी माणसं माद्रिदला जाऊन केस कापतात आणि म्हातारे टकले होतात.

"मेलितोन," मी म्हणालो, "आरसा जमिनीवर आहे."

 मग गळ्याभोवतीचं फडकं त्याने स्वतःच सोडलं आणि घडी घालत बसला.

"कधीपासून?" मी विचारलं.

"दोन वर्षं होतील. मधलं गेलंय, कडेचं दिसतं. तुझ्याकडे बघितलं की तुझे कान दिसतात, तोंड दिसत नाही. त्यात माझं फार नुकसान झालंय असं नाही."

"चेष्टा पुरे. डॉक्टर काय म्हणतो?"

"गेलेलं परत येणार नाही म्हणतो. कासिल्दाला सांगितलं दात दाखवायला चाललोय, आणि बसने बदाहोसच्या इस्पितळात जाऊन आलो."

"आणि सायकल?"

"सायकलचं काय?"

"अरे लेका, दर रविवारी आमच्याबरोबर तीस किलोमीटर हाणतोस तू!"

"मग? रस्ता पाठ आहे मला. कडेची पांढरी रेघ दिसते. क्विंतीनच्या डुकरांचा वास आला की डावीकडे वळायचं, निलगिरीचा आला की चढ सुरू. पाण्याचा गारवा कानाला लागला की पूल आला. डोळे कशाला लागतात?" मग त्याने आवाज खाली आणला. "बाल्दो, हे कुणाला सांगू नकोस. कासिल्दाला कळलं तर ती वालेन्सियाला मुलीला फोन करेल. मुलगी येईल, सायकल विकेल आणि मला खिडकीत बसवेल. खिडकीतून मला काय दिसणार? हात दे."

आमच्याकडे मेंढरांचा सौदा कागदावर होत नाही, हातावर हात मारून होतो, आणि मारलेला हात कुणी मागे घेत नाही. मी हात दिला. त्याला तो नीट सापडला नाही. मीच त्याचा हात पकडला.

मेलितोन कोण होता हे सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. तो मूळचा वाल्देलोबोसचा नव्हे, ओंतानियाचा. ओंतानिया म्हणजे धरणाखाली गेलेलं गाव. पाणी चढायला लागलं तेव्हा हा सात वर्षांचा होता. सरकारने या लोकांना आमच्या गावाच्या वरच्या अंगाला एकसारखी पांढरी घरं बांधून दिली. आमचे लोक त्यांना कितीतरी वर्षं "भिजलेले" म्हणायचे. मीही म्हणायचो. बाप मेंढरं राखायचा, तोही राखायला लागला, आणि तिशी उलटल्यावर त्याला धरणावर नोकरी मिळाली. काम एकच. रोज सकाळी भिंतीवर रंगवलेल्या पट्टीवरून पाण्याची उंची वाचायची आणि ऑफिसला कळवायची. गाडी त्याने कधी घेतली नाही. जाताना चौदा किलोमीटर, येताना चौदा, सायकलवर, पस्तीस वर्षं.

संध्याकाळी बारमध्ये आला की तो आकडा आम्हालाही सांगायचा, पण स्वतःच्या हिशेबाने. "आज आमच्या धुराड्यावर अकरा मीटर." ज्या पाण्याने घर बुडवलं तेच पाणी मोजून तो पोट भरत होता. यात त्याला काही विशेष वाटत असेल तर त्याने ते कधी दाखवलं नाही. एका दुष्काळात ओंतानिया वर आलं, तेव्हा सगळा मुलूख बघायला लोटला. लोक तिथे बसून ऑम्लेट-पाव खात होते. मेलितोनने त्या उन्हाळ्यात धरणावर जायला डोंगरामागचा सात किलोमीटर जास्तीचा रस्ता धरला. त्याला कुणी विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही. पाणी परत चढलं आणि तो परत जुन्या रस्त्याला लागला.

असा माणूस. बोलणं कमी, पण बोलला की टोचून. कासिल्दाशी लग्नाला त्रेचाळीस वर्षं झालेली. एक मुलगी, ती लांब. आणि ती निळी सायकल, जिचं सीट सोडून सगळं त्याने एकदा तरी बदललेलं होतं.

आमचा रविवारचा कळप सहा जणांचा. पुढे असायचा क्विंतीन, डुकरं पाळणारा, बोलण्यातही डुकरांशी बोलल्यासारखाच. त्याच्यामागे धरणाजवळच्या बारवाल्या ओब्दुलियाचे दोन भाऊ. मग ट्रॅक्टर दुरुस्त करणारा एवेलियो, आमच्यात सगळ्यात तरुण, म्हणजे बावन्न वर्षांचा. शेवटी मेलितोन आणि मी. आठ वाजता चर्चपासून निघायचं, ओकच्या रानातून नदीपर्यंत उतरायचं, पूल ओलांडून पाण्याच्या कडेकडेने धरणापर्यंत जायचं, ओब्दुलियाकडे कॉफी आणि लसणात परतलेला शिळ्या पावाचा चुरा खायचा आणि त्याच रस्त्याने परत यायचं. अर्ध्या रविवारात मोटारी दोन भेटल्या तर खूप. गिधाडं जास्त भेटतात.

हा कळप सुरू केला रेमीहियो मास्तरांनी. ते आता नाहीत. आठवडाभर शाळेत ओरडून त्यांचा जीव विटायचा, म्हणून त्यांनी नियम केला की रस्त्यावर कुणी तोंड उघडायचं नाही. तोंड उघडायचं ते बारमध्ये. रस्त्यात खड्डा, काच, दगड, मेंढरू काहीही आलं तरी पुढच्याने हात खाली करून मागच्याला बोटाने दाखवायचं, त्याने त्याच्या मागच्याला. सहा हात एकामागून एक खाली जायचे आणि चाकांच्या सरसरीशिवाय आवाज नसायचा. जो बोलेल त्याने घरी पोचेपर्यंत सगळ्यांच्या मागे जायचं. आम्हाला या शांततेचा मोठा गर्व होता. शेजारच्या गावचे सायकलवाले आरडाओरडा करत जायचे, त्यांना आम्ही कोंबड्या म्हणायचो.

आता विचार करा. ज्याला मधलं दिसत नाही, त्याला पुढच्याचा हात कसा दिसणार?

जुने खड्डे त्याला पाठ होते, प्रश्न नव्यांचा होता. म्हणून दुसऱ्या रविवारपासून मी मेलितोनच्या पुढची जागा घेतली आणि तोंड उघडलं. "खड्डा, उजवीकडे!" "काच!" "मेंढरं!" आधी सगळ्यांना वाटलं मी चुकून बोललो. मग वाटलं म्हातारपण. मग चिडायला लागले.

"बाल्दो, तुझ्या दुकानात गिऱ्हाईक येईना म्हणून आमचे कान पकडतोस का?" क्विंतीन म्हणायचा.

"याची बायको याला घरी बोलू देत नसणार."

"अरे, आम्ही कोंबड्यांच्या गावाला राहायला गेलो की काय?"

मी हसून न्यायचो. परतीच्या वाटेवर मागे पाठवायचे, तेव्हाही मेलितोनच्या अगदी मागे चाक लावून हळूच बोलायचो. तो फक्त मान किंचित हलवायचा. त्याने कधी आभार मानले नाहीत. आमच्यात मानतही नाहीत. पण गुरुवारी गुरुवारी मी दुकान बंद करून एकटा त्या रस्त्याने जाऊन यायचो, नवीन काय उखडलंय ते बघायचो, आणि शनिवारी दाढी करता करता त्याच्या कानात सांगायचो. मार्च ते नोव्हेंबर असं चाललं. आठ महिने मी गावाचं हसं झालो, आणि खरं सांगतो, मला आतून बरं वाटत होतं. मला आयुष्यात पहिल्यांदाच कुणी इतकं महत्त्वाचं काम दिलं होतं.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात खूप पाऊस झाला आणि मला ताप आला. त्या गुरुवारी मी रस्ता बघायला गेलो नाही. रविवारी उठलो, कारण मी गेलो नाही तर त्याच्या पुढे कोण असणार?

सकाळी पाण्यावर धुकं होतं. जाताना पुलापर्यंत पोचलोच नाही, कारण नदीकडचा उतार चिखलाने भरला होता. म्हणून वरच्या रस्त्याने वळसा घालून धरणाकडे गेलो. तेवढ्या वाटेत मी अकरा वेळा ओरडलो. अकरा हा आकडा क्विंतीनने मोजला होता आणि ओब्दुलियाच्या बारमध्ये पोचल्यावर त्याने तो सगळ्यांना ऐकवला.

"अकरा! मास्तर असते तर त्यांनी याला कोपऱ्यात उभं केलं असतं. आता मतं घेऊ या. बाल्दो मागे गेला पाहिजे, आणि मागे जाऊन गप्प बसला पाहिजे. नाही तर पुढच्या रविवारी घरी. कोण कोण?"

दोघा भावांनी हात वर केले. एवेलियो म्हणाला, "जाऊ द्या ना, त्याला ताप आहे," पण नंतर त्यानेही अर्धा हात वर केला. मी मेलितोनकडे बघत होतो. त्याने एक शब्द बोलायचा होता. "मला बरं वाटतं तो ओरडतो ते," एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं.

मेलितोनने तोंड पुसलं. "नियम तो नियम," तो म्हणाला. "जा मागे. तुझ्या जिभेलाही जरा सुट्टी मिळू दे."

सगळे खदखदून हसले. ओब्दुलियासुद्धा कॉफीच्या यंत्रामागे हसली. माझ्या कानापर्यंत रक्त चढलं. आठ महिने ज्याच्यासाठी मी हा तमाशा सोसला, तोच असं म्हणतो? ठीक आहे, म्हटलं मनात. बघू तुझं तू.

परतताना उतारावरचा चिखल वाहून गेलाय असं ओब्दुलियाच्या गिऱ्हाइकाने सांगितलं, म्हणून पुलावरून निघालो. पुढे क्विंतीन, मग दोघे भाऊ. माझी जागा एवेलियोला मिळाली. त्याच्यामागे मेलितोन आणि शेवटी मी. धुकं होतं, पण इतकंही नव्हतं. एवेलियोचे हातमोजे लाल, ट्रॅक्टरच्या दुकानात फुकट मिळालेले. मला ते स्वच्छ दिसत होते.

पुलावर चढायच्या आधी रस्ता खाली उतरतो आणि सायकल आपोआप वेग घेते. पुलाच्या तोंडाशी लोखंडी पट्टी आहे. पावसाने त्या पट्टीजवळचं डांबर उचकटून परातीएवढा खड्डा पडला होता. क्विंतीनचा हात खाली गेला. मग एक भाऊ, मग दुसरा. मग लाल हातमोजा खाली गेला आणि त्याचं बोट दोनदा हललं. एवेलियोने हात दाखवला. चांगला, नीट दाखवला.

मेलितोन सरळ चालला होता.

मला वेळ होता. हे मी इतक्या वेळा मोजलंय की आता त्यात चूक होणार नाही. तीन सेकंद होते. "खड्डा" म्हणायला अर्धा पुरतो. माझं तोंड उघडलंही होतं. आणि माझ्या मनात त्याचा तोच आवाज आला, नियम तो नियम. मी तोंड मिटलं.

त्याचं पुढचं चाक आत गेलं. तो सायकलवरून पुढे फेकला गेला आणि कमरेवर पडला. फार आवाज झाला नाही. हेल्मेट डांबरावर घासलं आणि निळी सायकल कठड्याला लागून थांबली. तो उताणा पडून म्हणाला, "पूल आला वाटतं."

खुब्याचं हाड मोडलं होतं. अँब्युलन्स यायला पन्नास मिनिटं लागली. आम्ही त्याच्यावर सगळ्यांची जॅकेटं घातली. एवेलियो त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता आणि पुन्हा पुन्हा म्हणत होता, "मी दाखवलं होतं. मी हात दाखवला होता."

दोन दिवसांनी आम्ही इस्पितळात गेलो. मेलितोन उशीला टेकून बसला होता, कासिल्दा शेजारी संत्रं सोलत होती. क्विंतीनने सरळ विचारलं, "झालं काय रे? इतका मोठा खड्डा तुला चुकवता आला नाही?"

मेलितोनने तोंड खिडकीकडे वळवलं. "एवेलियोने हात दाखवला नाही," तो म्हणाला.

एवेलियो पांढराफटक पडला. "मी दाखवला, मेलितोन."

"नाही दाखवलास."

"बाल्दो, तू सगळ्यांच्या मागे होतास," क्विंतीन माझ्याकडे वळला. "तू पाहिलंस ना?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मेलितोनसुद्धा, म्हणजे माझ्या कानाकडे. पलंगावर चादरीवर त्याचा हात उपडा पडला होता. तोच, मी दुकानात पकडलेला.

"धुकं होतं," मी म्हणालो.

बाकीचे बाहेर गेल्यावर मी मागे थांबलो. कासिल्दा साली टाकायला गेली होती. "मेलितोन, हे तू काय केलंस?"

"मग काय सांगू? आंधळा होतो म्हणून? हाड जुळलं की मार्चमध्ये निघायचंय मला. एवेलियो तरणा आहे. चार दिवस बोलतील आणि विसरतील."

"आणि बारमध्ये? मला मागे पाठवायला तूच का बोललास?"

 "सगळे माझ्याकडे बघतायत असं वाटलं," तो म्हणाला. "दिसत नाही ना, म्हणून नेहमी सगळेच बघतायत असं वाटतं." मग म्हणाला, "तू ओरडला का नाहीस, हे मी तुला विचारणार नाही."

ते त्याने विचारलं असतं तर बरं झालं असतं.

चार दिवसांत कुणी विसरलं नाही. आमच्या गावाला करमणूक कमी. एवेलियोने बारमध्ये कॉफीसाठी हात पुढे केला की क्विंतीन म्हणायचा, "अरे वा, तुला हात आहे की!" लोक ट्रॅक्टर त्याच्याकडेच आणत होते, कारण दुसरा कुणी नाही, पण ट्रॅक्टर देताना कुणी ना कुणी काहीतरी बोलायचंच. डिसेंबरात त्याने बारमध्ये येणं सोडलं. रविवारी आम्ही चौघंच निघायचो. मी सगळ्यांच्या मागे, गप्प. आता मला गप्प बसायला कुणी सांगावं लागत नव्हतं.

मेलितोन परत सायकलवर बसला नाही. हाड जुळत होतं, पण पडून राहिल्याने छातीत पाणी झालं आणि जानेवारीतल्या तीन राजांच्या सणानंतर चौथ्या दिवशी तो गेला.

गावात कुणी गेलं की शेवटची दाढी मी करतो. कोमट पाणी घेऊन गेलो. कासिल्दाने दार उघडलं आणि खुर्ची ओढून पलंगाच्या पलीकडे बसली. मी साबण लावला. हनुवटीखाली त्याला एक जुना व्रण होता, त्याच्या कडेने वस्तरा नेहमी तिरका न्यावा लागायचा. मी तसाच नेला.

"त्याला दिसत नव्हतं," कासिल्दा म्हणाली.

माझा हात थांबला.

"थांबू नकोस, साबण वाळेल. मला काय कळत नव्हतं? त्रेचाळीस वर्षांत ज्याने कधी लाड केला नाही, तो एकाएकी रोज सकाळी माझ्या तोंडावरून हात फिरवायला लागला. म्हातारपणी प्रेम उतू गेलं असं समजू मी?" तिने चादरीची कड सरळ केली. "सायकल लपवणार होते. एका रविवारी गच्चीवर कपडे वाळत घालत होते आणि खालच्या वळणावरून तुझं ओरडणं ऐकू आलं. खड्डा, काच, काय काय. मला कळलं. म्हटलं, बाल्दो पुढे आहे, जाऊ दे त्याला. म्हणून मी मुलीलाही सांगितलं नाही."

मी वस्तरा धुतला. पाण्यात पांढरे केस तरंगत होते. तिने एवढं सांगितलं आणि मी तिला एक शब्द बोललो नाही. आधी दिलेला हात होता म्हणून गप्प होतो. आता ज्याला हात दिला तो मेला होता, तिला सगळं ठाऊक होतं, आणि तरी मी गप्प. तेव्हा मला कळलं की मी मेलितोनचं काहीच झाकत नव्हतो. मी माझं झाकत होतो.

मर्तिकाच्या दिवशी एवेलियो चर्चच्या बाहेर उभा होता. आत आला नाही. शवपेटी निघाली तेव्हा त्याने दोन्ही हात खिशात घातले.

एप्रिलमध्ये मी त्याच्या गॅरेजवर गेलो. कात्री बरोबर घेतली होती, कारण चार-पाच महिन्यांत तो केस कापायला आला नव्हता आणि मला काहीतरी निमित्त हवं होतं. केस कॉलरपर्यंत वाढले होते. त्याची सायकल वर कडीला उलटी टांगलेली, तिच्यावर खताचं रिकामं पोतं. तो ट्रॅक्टरच्या चाकावर बसला. मी त्याच्या गळ्यात टॉवेल बांधला आणि कापायला लागलो.

"बाल्दो," तो म्हणाला, "आता मलाच आठवत नाही. आधी खात्री होती. पण रोज रोज विचार करून करून आता मला माझा हात हँडलवरच दिसतो. तू मागे होतास. खरं सांग. मी दाखवला होता का?"

"दाखवला होतास," मी म्हणालो. "लाल हातमोजा. बोट दोनदा हललं."

त्याच्या खांद्यावरचं सगळं ओझं उतरलं. तो पुढे वाकला आणि मी कात्री बाजूला घेतली. मग मी त्याला सगळं सांगितलं. मेलितोनचे डोळे, आरसा, दिलेला हात, गुरुवार, शनिवार. तो ऐकत होता. वर पत्र्यावर करकोचा चोच वाजवत होता.

माझं सांगून झालं. मग एवेलियो टॉवेल तसाच गळ्यात ठेवून माझ्याकडे वळला. अर्धे केस कापलेले, अर्धे लांब.

"म्हणजे त्याला दिसत नाही हे तुला ठाऊक होतं."

"हो."

"आणि माझा हात खाली गेलेला तू पाहिलास. म्हणजे खड्डा आहे हे तुला कळलं."

"हो."

"मग तू का ओरडला नाहीस?"

हे पाच महिने कुणी विचारलं नव्हतं. मेलितोनने मुद्दाम विचारलं नाही, कासिल्दाला सुचलं नाही. मी मोठी उत्तरं जमवून ठेवली होती. ताप होता, नियम होता, मत झालं होतं.

"मला राग आला होता," मी म्हणालो.

"राग," एवेलियो म्हणाला. त्याने टॉवेल सोडून माझ्या हातात दिला. उरलेले केस त्याने मला कापू दिले नाहीत. "रविवारी ओब्दुलियाकडे सांग. सगळ्यांसमोर. मी येईन."

कासिल्दाला मी शनिवारीच सांगितलं. तिने दारात उभं राहून शेवटपर्यंत ऐकलं आणि दार लावून घेतलं. तेव्हापासून ती माझ्याशी बोललेली नाही. दुकानासमोरून जाते तेव्हा पलीकडच्या बाजूने जाते.

रविवारी एवेलियो आला, डोकं पूर्ण भादरून, कुणाकडून कोण जाणे. मी बारमध्ये उभा राहिलो आणि सांगितलं. कॉफी गार झाली. क्विंतीन उठला. तो एवेलियोजवळ गेला, त्याच्यापुढे हात केला, आणि एवेलियोने थोडं थांबून तो घेतला. माझ्याकडे कुणी बघितलं नाही. बाहेर आल्यावर सगळे आपापल्या जागी उभे राहिले. मला कुणी मागे जा म्हणालं नाही. मीच गेलो.

पुलाच्या अलीकडे उतार लागला. तो खड्डा फेब्रुवारीतच बुजवलेला होता, डांबराचा काळा चौकोन तेवढा दिसतो. क्विंतीनने हात खाली केला नाही. तो ओरडला, "खड्डा!" इतक्या वर्षांत रस्त्यावर त्याचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. मग एक भाऊ ओरडला, मग दुसरा, मग एवेलियोने मान मागे वळवली आणि माझ्याकडे बघत मोठ्याने म्हटलं, "खड्डा!"

तेव्हापासून दर रविवारी तसंच होतं. नियम कुणी बदलला नाही, पण त्या जागी सगळे ओरडतात. आवाज एकेकाकडून मागे येत येत माझ्यापर्यंत पोचतो. मीही ओरडतो. माझ्यामागे कुणी नसतं.